पोलादाची साक्ष

एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या वसाहतीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना पोलादाची जात ओळखायला शिकवावे लागत नाही. दगडी कोळसा नावाप्रमाणे खरोखरच दगड घेऊन येतो. तो ज्या पन्हाळीतून घसरत गिरणीपर्यंत जातो, तिला साधा पत्रा लावला तर काही महिन्यांत त्याची चाळण होते. म्हणून तेथे झीज सोसणारे, कठीण केलेले पोलाद लावतात. कोळसा फोडणाऱ्या यंत्राचे हातोडे बहुधा मँगनीज पोलादाचे असतात. या पोलादाचे वैशिष्ट्य असे की, त्यावर जसजसे घाव बसतात तसतसा त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होत जातो. इंग्लंडमधील रॉबर्ट हॅडफिल्ड याने १८८२ मध्ये ते शोधले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर जी ताटलीसारखी शिरस्त्राणे आली, तीही याच धातूची होती. कोळशाचा हातोडा आणि सैनिकाचे शिरस्त्राण एकाच कुळातले, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला देखभाल विभागात अनेक वर्षे काढल्यानंतर कळली आणि तेव्हापासून या विषयाने मनात घर केले.

हे सारे आठवण्यास निमित्त घडले ते असे. काही दिवसांपूर्वी सायंशाखा सुटल्यावर वसाहतीतील काही तरुण मैदानाच्या कठड्यावर बसून हिरिरीने वाद घालीत होते. त्यांतला एक पोलीस भरतीची तयारी करतो, तर दुसऱ्याचा थोरला भाऊ सैन्यात आहे. भ्रमणध्वनीवर कोणा परदेशी हौशी नेमबाजाची चित्रफीत चालू होती. एकाच पोलादी पट्टीवर निरनिराळ्या रायफलींच्या गोळ्या झाडून कोणती आरपार जाते आणि कोणती नुसता ठसा उमटवते, हे तो दाखवीत होता. त्यात ‘एके-४७’ची जाडजूड गोळी पट्टीवर चपटी होऊन गळून पडली आणि बारीक ५.५६ची गोळी मात्र स्वच्छ भोक पाडून गेली. भरतीची तयारी करणारा तरुण विजयी मुद्रेने म्हणाला, “काका, तुम्हीच सांगा. मग आपली ‘इन्सास’ काय वाईट होती? उगीच परक्यांच्या रायफली आणायच्या!” दुसरा म्हणाला, “दादा म्हणतो, जंगलात ‘एके’च हवी. तो काय खोटे बोलतो?”

दोघांचेही अर्धे खरे होते. आणि देशाच्या शस्त्रांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा अशा अर्ध्या सत्यांचीच असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आकडे पाहू. जुनी थ्री-नॉट-थ्री घ्या. तिची गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे ७४५ मीटर. एसएलआरची, म्हणजे ७.६२ गुणिले ५१ मिलिमीटर काडतुसाची गोळी साडेनऊ ग्रॅमची, वेग ८४० मीटरच्या आसपास. कलाश्निकोव्हचे काडतूस आखूड, ७.६२ गुणिले ३९. गोळी आठ ग्रॅमला किंचित कमी, वेग ७१५. ‘इन्सास’चे ५.५६ गुणिले ४५. गोळी अवघी चार ग्रॅमची, पण वेग ९०० मीटरच्या वर. शाळेतील पदार्थविज्ञानाचे सूत्र लावले की नळीच्या तोंडाशी या चौघींची ऊर्जा निघते ती अशी : थ्री-नॉट-थ्री सुमारे ३१०० ज्यूल, एसएलआर ३३००च्या वर, कलाश्निकोव्ह दोन हजार आणि ‘इन्सास’ साधारण साडेसोळाशे. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने ‘इन्सास’ सर्वांत दुबळी. मग पोलादाला भोक तिनेच का पाडावे?

उत्तर ऊर्जेच्या बेरजेत सापडत नाही. ती किती जागेवर उतरते, त्यात आहे. सुई आणि खिळा यांना सारख्याच जोराने दाबले तर कातड्यात आधी काय शिरेल? ५.५६च्या गोळीचा छेद ७.६२च्या गोळीच्या जवळजवळ निम्मा आहे. दर चौरस मिलिमीटरला किती ऊर्जा येते हे काढले, तर ‘इन्सास’ आणि एसएलआर जवळपास बरोबरीला येतात, थ्री-नॉट-थ्री किंचित मागे राहते आणि कलाश्निकोव्ह पार मागे पडते. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. गोळी पोलादावर आदळते त्या क्षणी जो दाब निर्माण होतो, तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट. पोलादाच्या सहनशक्तीची जी मर्यादा असते, ती या दाबाने ओलांडली की पट्टी वाकत नाही, ठेचत नाही. तिच्यातून गोळीच्या आकाराची एक चकती कापल्यासारखी मागे निघून जाते. नेमबाजीच्या लक्ष्यांसाठी वापरतात त्या, ब्रिनेल मापाने ५०० कठीणतेच्या पट्ट्यांवर सेकंदाला ९०० मीटरच्या वर गेलेली हलकी गोळी जवळून झाडली तर खड्डे पडतात. तिच्याहून दुपटीने जड, पण संथ गोळी त्याच पट्टीवर नुसता शिशाचा करडा डाग ठेवते. चित्रफितीत दिसले ते हेच. त्यात चमत्कार काही नाही.

आपल्याकडे शिकारीसाठी जी .३१५ बोअरची रायफल परवान्यावर मिळत आली, तिची गोळी तर थ्री-नॉट-थ्रीहून जड; पण वेग कमी आणि टोक मऊ शिशाचे. पोलादावर ती चिखलाच्या गोळ्यासारखी पसरेल. (हा .३१५ बोअर आपल्या नशिबी का आला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लष्करी काडतूस एतद्देशीयांच्या हाती पडू नये, म्हणून इंग्रजांनी नागरिकांसाठी वेगळे माप रूढ केले. १८७८च्या शस्त्र कायद्याने निःशस्त्र केलेल्या समाजाला त्यांनी काडतुसाच्या मापातही विश्वासात घेतले नाही.)

तथापि येथे थांबले तर अर्धे सत्यच हाती राहते. पोलादी लक्ष्यांचाच एक जुना खेळ आहे, मेक्सिकोत जन्मलेला. कोंबडी, डुक्कर, टर्की आणि एडका यांच्या पोलादी आकृत्या उभ्या करतात आणि सर्वांत जड एडका ५०० मीटरवर असतो. नियम एवढाच की, आकृती पडली पाहिजे. भोक पडले आणि एडका उभाच राहिला, तर गुण शून्य! येथे ५.५६चा सुईसारखा वेग काही कामाचा नाही. येथे लागतो तो धक्का, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा साधा गुणाकार. त्यात एसएलआरची गोळी ‘इन्सास’च्या दुपटीहून अधिक भरते आणि दुबळी वाटलेली कलाश्निकोव्हदेखील ‘इन्सास’ला दीडपटीने मागे टाकते. एकच पोलाद, त्याच गोळ्या. पण ‘भेदते कोण’ असे विचारले तर एक निकाल, ‘पाडते कोण’ असे विचारले तर नेमका उलटा.

अंतराचाही प्रश्न आहेच. हलकी गोळी हवेत लवकर थकते. वेग हेच जिचे भांडवल, तिचे भांडवल शंभर-दोनशे मीटरनंतर झपाट्याने आटते. म्हणूनच नाटो राष्ट्रांनी १९८० मध्ये ५.५६चे नवे काडतूस स्वीकारले, तेव्हा त्याच्या गोळीच्या टोकाशी शिशाच्या पुढे कठीण पोलादाची एक लहानशी टोपी बसवली. परीक्षेला ठेवली होती साडेतीन मिलिमीटरची साधी पोलादी पट्टी आणि ती सुमारे ६०० मीटरवरून भेदायची होती. या नव्या गोळीने ती भेदलीच. शिशाच्या गाभ्याच्या ७.६२शी बरोबरी केली, किंबहुना तसूभर पुढेच गेली. आपल्या ‘इन्सास’चे काडतूस याच कुळातले. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत ते बनत आले आहे. महाराष्ट्राच्या या मातीतून निघालेले काडतूस पोलादावर जगातील कोणत्याही समवयस्क काडतुसाच्या बरोबरीने उतरते, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती सांगण्यात संकोच नको.

मग सैन्याने ‘इन्सास’ का सोडायला घेतली? पट्टी भेदली जात नव्हती म्हणून नव्हे. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे गेले, दस्ते अडले, तक्रारी आल्या. काश्मीरच्या घरांत, विटांच्या भिंतींआड, झाडोऱ्यात लढणाऱ्या जवानाला असे वाटू लागले की, जड गोळी आडोसा पार करून पोहोचते आणि लागली की समोरचा उठत नाही. वीट, लाकूड आणि मातीचा बांध हे पोलाद नव्हेत. तेथे वस्तुमान बोलते. २०११ मध्ये दोन मापांच्या नळ्या बदलता येतील अशी एकच रायफल घेण्याचा घाट घातला गेला; २०१५ मध्ये तो गुंडाळला. दशकभर आपण ‘पाच-छप्पन की सात-बासष्ट’ या प्रश्नाभोवती फेर धरून बसलो. पुढे २०१९ मध्ये अमेरिकी बनावटीच्या ७२,४०० रायफली ७.६२ गुणिले ५१ मापाच्या घेतल्या, तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या तुकडीची मागणी २०२४ मध्ये नोंदवली गेली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक ‘एके-२०३’ रायफली अमेठीजवळच्या कोरवा येथे बनवण्याचा करार झाला. या निर्णयाला भ्रमणध्वनीवरची चित्रफीत उत्तर देऊ शकत नाही. पोलादाची पट्टी एका प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देते. आपण तिच्या तोंडी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर घालतो, हा दोष पट्टीचा नव्हे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा सैन्याच्या तज्ज्ञांचा विषय. सामान्य माणसाने त्यात का पडावे? पडावे, कारण या पट्टीची दुसरी बाजू आपल्या माणसांच्या छातीवर असते.

२६ नोव्हेंबर २००८ची रात्र महाराष्ट्र विसरलेला नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होत्या, अनेकांच्या हाती नुसत्या काठ्या. समोर पाकिस्तानातून धाडलेले, कलाश्निकोव्ह घेतलेले मारेकरी. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना वीरमरण आले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी उघड्या हातांनी धरून ठेवली, तेव्हा त्यांच्या अंगावर कोणतेही चिलखत नव्हते. करकरे यांच्या तपासांविषयी या पानांचे वाचक काय मत बाळगतात, ते सर्वांना ठाऊक आहे. तो वाद येथे आणण्याचे कारण नाही. देशासाठी अंगावर गोळ्या घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे मान लवते, ती लवलीच पाहिजे.

प्रश्न आहे तो त्यांच्या अंगावरील बुलेटप्रूफ जॅकेटाचा. गोळ्या जॅकेटाने न झाकलेल्या भागात लागल्या, असे सांगण्यात आले. ते खरे असेलही. पण जॅकेट निकृष्ट होते की नव्हते, हे सिद्ध करणारा एकमेव साक्षीदार म्हणजे ते जॅकेट. कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात त्याची चौकशी केली, तेव्हा वर्षभरानंतर उत्तर मिळाले की, जॅकेट सापडत नाही! खरेदीची कागदपत्रेही जागेवर नसल्याची चर्चा पुढे बरेच दिवस चालली. ज्या वस्तूवर गोळी झाडून पाहिली असती तर दहा मिनिटांत सत्य कळले असते, ती वस्तूच नाहीशी झाली. कारखान्यात बॉयलरची नळी फुटली तर आम्ही तो तुकडा कापून, त्यावर चिठ्ठी लावून जपून ठेवीत असू. कारण पुढची नळी का फुटेल, हे तोच सांगणार. कोळशाच्या राखेत काम करणाऱ्यांना जे कळते, ते राज्याच्या राजधानीत कळू नये?

चिलखताचे शास्त्र लक्ष्याच्या शास्त्राहून वेगळे नाही. मैदानावर पोलादी लक्ष्य लावणाऱ्यांना काही पथ्ये पाळावी लागतात. साध्या मऊ पोलादाची पट्टी लावायची नाही, कारण तिच्यात खड्डे पडतात आणि खड्ड्यात शिरलेली गोळी वळून झाडणाऱ्याकडेच परत येते. रायफलीसाठी पट्टी किमान ९० मीटर दूर हवी. ती किंचित पुढे झुकलेली हवी, म्हणजे किरच्या जमिनीकडे जातात. पोलादी गाभ्याची गोळी तिच्यावर झाडायची नाही. आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचे नाही. गुळगुळीत, कठीण पट्टीवर आदळलेली शिशाची गोळी पाण्याच्या धारेसारखी पट्टीला समांतर, चहूबाजूंनी फाकते. मैदानावर त्या फाकलेल्या शिशाचे काही वाटत नाही. पण तीच पट्टी जवानाच्या छातीवर बांधली, तर वरच्या बाजूला फाकणाऱ्या किरच्या कोठे जातील? हनुवटीखाली, गळ्यात. गोळी अडली आणि माणूस घायाळ झाला, असे पोलादी चिलखतात घडू शकते. शिवाय वजन. पोलादाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट. छाती आणि पाठ झाकायची तर जवान धावणार कसा आणि जिने चढणार कसा?

यावर जगाने जो उपाय काढला, तो भारतानेही आत्मसात केला आहे. बोरॉन कार्बाइड नावाची मृत्तिका आहे. वजनाला पोलादाच्या एक-तृतीयांश, कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल गणल्या जाणाऱ्या मोजक्या पदार्थांपैकी एक. गोळी तिच्यावर आदळली की ती स्वतः भंगते, पण भंगता भंगता गोळीच्या पोलादी गाभ्याचेही तुकडे करते; मागचे बळकट धाग्यांचे थर ते तुकडे झेलतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेले ‘भाभा कवच’ याच जातीचे असून हैदराबादच्या ‘मिधानी’ने ते उत्पादनात आणले. कानपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने २०२४ मध्ये असे जॅकेट सिद्ध केले की, जे ७.६२ गुणिले ५४ काडतुसाच्या चिलखतभेदी गोळ्यांनाही पुरून उरते. भारतीय मानक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये बुलेटप्रूफ जॅकेटांसाठी स्वतंत्र भारतीय मानक प्रसिद्ध केले. त्यापूर्वी आपण अमेरिकेची मापे उसनी घेत होतो. त्यात धोक्यांच्या पायऱ्या ठरवल्या आहेत, आणि त्या पायऱ्या म्हणजे दुसरे काही नसून निरनिराळी काडतुसे आहेत. वसाहतीतले तरुण कठड्यावर बसून जो वाद घालीत होते, तोच तेथे शास्त्राच्या भाषेत लिहिला आहे.

या मानकाची निकड किती होती, हे त्याआधी वर्षभर दिसले होते. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुलवामा जिल्ह्यातील लेथपोरा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रशिक्षण केंद्रावर जैश-ए-महंमदच्या अतिरेक्यांनी हल्ला केला. पाच जवान हुतात्मा झाले. बुलेटप्रूफ ढालीच्या आड असलेल्या जवानालाही गोळी लागल्याचे पुढे आले, कारण त्या काडतुसांत शिशाऐवजी कठीण पोलादाचा गाभा होता. रायफल तीच, माप तेच, वेग तोच. गोळीच्या पोटातला धातू बदलला आणि कालपर्यंत पुरेशी असलेली ढाल रात्रीत अपुरी ठरली. शत्रू गोळीत बदल करतो, त्याला निविदा काढावी लागत नाही. आपल्याकडे २००९ मध्ये सैन्यासाठी १,८६,१३८ जॅकेटांची खरेदी तत्त्वतः मान्य झाली आणि प्रत्यक्ष करारावर सही झाली एप्रिल २०१८ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत किती जवान सीमेवर येऊन गेले असतील!

आता थोडे आपल्याच माणसांशी. स्वदेशीचा आग्रह आपण धरतो, तो योग्यच आहे. पण स्वदेशी म्हणून वस्तूची परीक्षा सौम्य घ्यावी, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. भगूरच्या ज्या सुपुत्राने तरुणांना सैन्यात शिरण्याचे आवाहन केले, ते आमच्या एकलहऱ्यापासून फार दूर नव्हे. धर्मवीर डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोंसला सैनिकी शाळा उभारली, ती मुलांनी केवळ संचलन करावे म्हणून नव्हे. बंदूक हाती धरणाऱ्याला नेम, शिस्त आणि शस्त्राचे ज्ञान असावे म्हणून. पोलीस सेवेतून निवृत्त होऊन नाशिकला स्थायिक झालेले भीष्मराज बाम स्वतः नेमबाज होते आणि देशातील किती तरी खेळाडूंच्या मनाची मशागत त्यांनी केली. नेमबाजीत स्वतःशी खोटे बोलता येत नाही. कागदावर भोक जेथे पडते, तेथेच ते असते. या परंपरेत वाढलेल्यांनी ‘आपले’ आणि ‘परके’ असे शिक्के पाहून शस्त्राची वा चिलखताची बाजू घेऊ नये. वरणगावचे काडतूस चांगले आहे, कारण ते परीक्षेला उतरते. उद्या एखादे देशी जॅकेट परीक्षेत नापास झाले, तर ते देशी आहे म्हणून त्यावर पांघरूण घालणारा माणूस राष्ट्रभक्त म्हणवून घेण्यास अपात्र आहे. हे आपल्यातील काहींना कडू वाटेल. वाटू द्या.

दुसऱ्या टोकाला, परकी वस्तू ती चांगलीच, ही गुलामीतली खोड अजून गेलेली नाही. तिचा समाचार वेळोवेळी या पानांतून घेतला गेला आहेच.

सैन्याचे जॅकेट तरी आज चर्चेत असते. गावोगावच्या पोलीस ठाण्यांत, गडचिरोलीच्या जंगलात, विद्युत केंद्रांच्या आणि धरणांच्या दारांवर जे पहारेकरी उभे असतात, त्यांच्याकडे काय आहे, याकडे कोणाचे लक्ष असते? एकलहऱ्याच्या २१० मेगावॉटच्या तीन संचांवर नाशिकच्या किती घरांतले दिवे अवलंबून आहेत, याचा विचार शत्रू करीत नसेल असे समजणे भोळेपणाचे होईल. जॅकेट हे लोणच्यासारखे जितके जुने तितके चांगले, असे नसते. धाग्यांचे थर ऊन, घाम आणि ओल यांनी क्षीण होतात. मृत्तिकेची पट्टी एकदा हातातून फरशीवर पडली तर तिला आत तडा जाऊ शकतो आणि तो वरून दिसत नाही. उत्पादक हमी देतात ती ठरावीक वर्षांचीच. ही मुदत उलटलेली जॅकेटे कपाटात टांगलेली असतात आणि प्रसंग येतो तेव्हा तीच अंगावर चढतात.

म्हणून मागणी साधी आहे, खर्चाचीही फार नाही. राज्य शासन पोलिसांसाठी जी जॅकेटे घेईल, त्यांच्या प्रत्येक खेपेतून काही नग उचलून भारतीय मानकाप्रमाणे त्यांवर गोळ्या झाडाव्यात. कोणते काडतूस, किती अंतर, किती वेग, गोळी अडली की नाही आणि जॅकेटामागच्या मातीत खळगा किती खोल पडला, हे लिहून ठेवावे. हा खळगा विसरून चालणार नाही. गोळी अडली तरी तिचा धक्का बरगड्यांना सोडत नाही आणि अमेरिकी मानकातही ४४ मिलिमीटरहून खोल खळगा चालत नाही. गोपनीयतेची सबब येथे फारशी टिकत नाही. जॅकेट कोठे कमी पडते, हे जगाला सांगा असे कोणी म्हणत नाही. पण ज्याच्या अंगावर ते चढायचे आहे, त्या शिपायाला आपल्या खेपेचा निकाल आणि मुदत कळण्याचा अधिकार आहे. जॅकेटाच्या आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवर खेपेचा क्रमांक, परीक्षेचा दिनांक आणि मुदत मराठीत छापली, तर किती खर्च येईल? मुदत संपलेले जॅकेट भंगारात न देता ते गोळीबाराच्या मैदानावर टांगावे आणि त्या ठाण्याच्याच शिपायांसमोर त्यावर गोळी झाडावी. ते आणखी वर्षभर चालले असते की आधीच निकामी झाले होते, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. चकमकीत गोळी लागलेले प्रत्येक जॅकेट पुरावा म्हणून मोहोरबंद ठेवण्याचा नियम व्हावा. म्हणजे पुन्हा कोणा वीरपत्नीला माहितीच्या अधिकाराचा अर्ज हाती घेऊन दारोदार फिरावे लागणार नाही.

कठड्यावरच्या त्या तरुणांना एवढे सारे त्या संध्याकाळी सांगता आले नाही. त्यांना फक्त आमच्या भांडारातला कोळशाच्या पन्हाळीचा एक निवृत्त तुकडा दाखवला. कठीण पोलाद, पण वर्षानुवर्षे घासून मधोमध कागदासारखा पातळ झालेला. भरतीची तयारी करणाऱ्याने तो उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारले, “काका, हा बदलायचा केव्हा, हे तुम्हाला कसे कळायचे?” त्याला सांगितले की, दर दुरुस्तीबंदच्या वेळी जाडी मोजायची, वहीत लिहायची आणि लिहिणाऱ्याने खाली सही करायची.